चार प्रश्नचिन्हांची उधारी

रा. रा. मायग्रेशन स्क्रिप्टचे कर्ते यांसी,


सर्वप्रथम अभिनंदन. 1956 पासून लोंबकळलेला, 1967 साली महाजन आयोगाच्या अहवालानेही न मिटलेला, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न आपण सीमेजवळच्या मादन हिप्परग्यातल्या एका खत-बियाणांच्या दुकानापुरता सोडवलात. आमच्या खतावणीत काही गिऱ्हाइकांची नावे मराठीत, काहींची कन्नडमध्ये. मराठीतला पाटील आणि कन्नडमधला पाटील, दोघेही आता ‘?????’. वाद संपला.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचा 12 टक्क्यांचा टप्पा गेला, सूक्ष्म अन्नद्रव्ये 5 टक्क्यांवर आली, म्हणून आम्ही आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली. आपण तिला ‘किरकोळ सुधारणा’ म्हटले होते.

गिऱ्हाइकांचे नवे टेबल बनवताना अक्षरसंच सांगायचे आपण विसरलात. आमच्या जुन्या सर्व्हरने सवयीने लॅटिन-1 धरला. (मायएसक्यूएल या डेटाबेसने ही सवय 2018 साली, 8.0 आवृत्तीत सोडली. पण खेड्यातली मशीन कोण दरवर्षी बदलतो?) लॅटिन-1 मध्ये देवनागरीला जागाच नाही. स्ट्रिक्ट मोड चालू असता तर डेटाबेसने तिथेच हरकत घेतली असती. तो आपण पहिल्याच ओळीत बंद केलात. मग प्रत्येक अक्षराच्या, प्रत्येक काना-मात्रेच्या जागी मुकाट एकेक प्रश्नचिन्ह बसले. ज, काना, ध, व: चार. प, व, काना, र: चार. जाधव आणि पवार एकच झाले.

हे आपल्या स्क्रिप्टला कधी कळले? जुने टेबल पाडून झाल्यावर. शेवटी नावांवर युनिक इंडेक्स लावायला गेली तेव्हा ‘डुप्लिकेट एंट्री’ म्हणून अडली. मायएसक्यूएलमध्ये टेबल पाडले की पाडले, त्याला रोलबॅक नाही. पुन्हा चालवली तर म्हणते, नवे टेबल आधीच आहे. बाक्या मात्र पैशापैशाने जुळतात! फक्त त्या कोणाच्या, ते विचारायचे नाही. एका ‘????’ ने डीएपी नेले आहे, दुसऱ्या ‘????’ ने तुरीचे बियाणे. तूर विकली की दोघे पैसे देणार.

अहो, जुने टेबल ठेवायला काय जात होते? नाव बदलून पडू द्यायचे होते कोपऱ्यात! माणसाची वर्षाची उधारी असते त्यात. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून नावे परत आली. त्या दिवसाची बिले पावतीपुस्तकावरून पुन्हा चढवली, जीएसटीआर-1 च्या 11 तारखेच्या तोंडावर.

राग आवरून एक गोष्ट मान्य करतो. आपला कोड उघडून पाहिला. बदल सगळे मध्यरात्रीनंतरचे, बहुधा दिवसाची नोकरी उरकून केलेले. या कामाची आपल्याला कोणी दमडी देत नाही. आम्हीही दिली नाही. चाचणीच्या डेटात जॉन आणि मेरी आहेत, आणि त्या दोघांना लॅटिन-1 मध्ये काहीच होत नाही. आपल्याला कळणार तरी कसे?

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या आवृत्तीआधी चाचणीत तीन नावे घाला: जाधव, पवार आणि कन्नड लिपीतला पाटील. जुने टेबल पाडण्याआधी ती नव्या टेबलात वाचून पाहा.

आपला,
खत दुकानाचा हिशेबनीस, मादन हिप्परगा