आगोटीची खरेदी सहकुटुंब कशी करावी

चैत्र पौर्णिमेस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरली, की डहाणू-तलासरीच्या मुलखात पावसाळ्याच्या बेगमीचे, म्हणजे आगोटीचे, वेध लागतात. आणि ज्या गृहस्थास आपल्या मासिक प्राप्तीचा विनियोग एकाच दिवसात, शिवाय काटकसरीच्या सात्त्विक समाधानासह, करावयाचा असेल, त्याने पुढील सूचना ध्यानी घ्याव्यात.

प्रथम खर्चाचा बरावर्द तयार करावा. तो सुवाच्य अक्षरात व घरातील सर्व सज्ञान व्यक्तींच्या संमतीने लिहावा, कारण ज्या दस्तऐवजाचे पुढे पदोपदी उल्लंघन व्हावयाचे आहे, तो निदान कायदेशीर असला पाहिजे. त्यात सुके बोंबील, जवळा, कांद्याच्या माळा, मिरच्या, हळद व मीठ एवढ्याच बाबी असाव्यात. माणसांच्या संख्येस मात्र मर्यादा घालू नये. एकटा मनुष्य यादीतील जिनसा घेऊन मुकाट परततो. आत्याबाई बरोबर असल्या म्हणजे भाव उतरतो, पण दुप्पट माल घेण्याच्या अटीवर. आणि मुले असली म्हणजे यात्रेतील पाळण्यांचा खर्च वाणसामानाच्या खाती घालण्याची हिकमत आपोआप सुचते.

सुक्या मासळीच्या बाजारात एका वाट्याचा भाव कमी होत नाही, तीन घेतल्यास होतो, आणि चौथा घेतल्यास वर मूठभर जवळा फुकट मिळतो. या फुकट जवळ्यासाठी एकूण किती रक्कम मोजली, अशी पृच्छा करणे हा सभ्यतेचा भंग समजावा. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांस मनाई झाल्यापासून सुज्ञांच्या घरी कापडी पिशव्यांचा संग्रह असतोच. तो दारामागील खिळ्यास तसाच ठेवून निघावे, म्हणजे दर दुकानी नवी पिशवी विकत घेण्याचा हक्क अबाधित राहतो.

खरी काटकसर यानंतर आरंभावी. 'आलोच आहोत इथवर, तर तलासरी पुढेच आहे, आणि अच्छाडची हद्द ओलांडली की गुजरातेत पेट्रोल स्वस्त,' असा ठराव कोणीतरी मांडतोच. तो एकमताने मंजूर करावा. लिटरमागे वाचणाऱ्या रुपयांचा गुणाकार तोंडी व मोठ्याने करावा, परंतु जाण्यायेण्यात जळालेल्या इंधनाच्या वजाबाकीस कोणी प्रवृत्त झाल्यास त्यास खिडकीबाहेरचा देखावा दाखवावा. वाचलेल्या पैशाचा विशेष गुण असा, की तो हाती न येताही खर्च करता येतो, आणि एकदा केल्यावर पुनःपुन्हा करता येतो. वापीच्या एखाद्या भव्य दुकानात तेलाचे डबे, एकावर एक मोफत मिळणारी बिस्किटे व कोणी न मागितलेली पोळ्या ठेवण्याची पेटी ही सर्व त्याच तीनशे रुपयांतून येतात, व तरीही ते तीनशे रुपये शिल्लकच राहतात. येथे घरातील ज्येष्ठ पुरुष दमण जवळच असल्याची भौगोलिक माहिती पुरवतील. माहिती बिनचूक आहे. परंतु दमण आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये गुजरातची दारूबंदी आडवी पसरलेली असल्याने तो अर्ज दफ्तरी दाखल करावा.

परतीस उंबरगाव, झाई, बोर्डी, घोलवड असा किनाऱ्याचा रस्ता धरावा. डहाणूकराने चिकू विकत घेणे हे वास्तविक नारळाच्या वाडीत बसून शहाळे मागवण्यासारखे. तथापि घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन लाभलेले असल्यामुळे त्याच्या चकत्या, लोणचे आणि मिठाई घेणे हे स्वाभिमानाचे कृत्य ठरते, व स्वाभिमानास घासाघीस शोभत नाही.

घरी आल्यावर जमाखर्च त्याच रात्री लिहावा. 'किरकोळ' ही बाब सर्वांत मोठी निघाल्यास ती 'प्रवास', 'देवस्थान' व 'संकीर्ण' अशा तीन खात्यांत विभागावी; मामलेदार कचेरीत आयुष्य घालवलेले माझे एक स्नेही तर शिलकेचा मेळ बसेपर्यंत 'संकीर्ण'चेही पोटविभाग पाडीत. मासळी दुसऱ्या दिवशी इमारतीच्या गच्चीवर उन्हात घालावी लागते. त्या प्रसंगी खालच्या मजल्यावरील शाकाहारी शेजाऱ्यांची समजूत काढण्यासाठी चिकूंची एक भरलेली करंडी, तीही निवडक फळांची, द्यावी लागेल; तिचा खर्च वरील बरावर्दात धरलेला नाही.