जुना लॅपटॉप हलका करून पुन्हा जड कसा करावा
(अगदी नवशिक्यांसाठी, सहा पायऱ्यांत)

घरात जुना लॅपटॉप पडून आहे, रविवार मोकळा आहे आणि त्या रविवारी माळा आवरून घ्यावा असं घरच्यांच्या अजून डोक्यात आलेलं नाही, अशा वाचकांसाठी ही मार्गदर्शिका आहे.

साहित्य: एक लॅपटॉप, एक पेन ड्राइव्ह, इंटरनेट आणि शेजारी एक चालू मोबाइल. लॅपटॉप बोलेनासा झाला की उत्तरं मोबाइलवरच शोधायची असतात. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपी वापरावी.

पायरी 1: हलक्यात हलकी प्रणाली निवडा

आपण अल्पाइन लिनक्स घेऊ. राउटर आणि फायरवॉल चालवण्यासाठी जन्मलेली ही प्रणाली कंटेनरमध्ये 8 एमबीत मावते, आणि डिस्कवर बसवली तरी साधारण 130 एमबीत भागवते. तुमच्या फोनमधले ‘शुभ सकाळ’चे फोटो याहून जास्त जागा खातात. इतर लिनक्समध्ये असते ती भारदस्त जी-लिबसी तिने टाळली आहे आणि छोटी मसल लायब्ररी घेतली आहे. रोजच्या शेकडो आज्ञा बिझीबॉक्स नावाचा एकच प्रोग्राम सांभाळतो. शोभेचं काही नाही; डेस्कटॉप तर नाहीच. म्हणूनच आपण ती निवडतो आणि लगेच तिच्यावर डेस्कटॉप चढवायला घेतो. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी माळा आवरावा.

पायरी 2: प्रश्नांना उत्तरं द्या

अल्पाइन पेन ड्राइव्हवर चढवा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. काळा पडदा येईल. बिघाड नाही, हेच स्वागत आहे. ‘रूट’ नावाने आत जा. पासवर्ड विचारला जाणार नाही. मग ‘सेटअप-अल्पाइन’ ही आज्ञा द्या. कळफलक कोणता, यंत्राचं नाव काय, वेळ कुठली (आशिया, कोलकाता), असे प्रश्न एकामागून एक येतील. पासवर्ड ठरवताना पडद्यावर एक टिंबसुद्धा उमटत नाही. कळफलक बदलायला दुकानात जाऊ नका. पासवर्ड टाइप होतो आहे.

बऱ्याच प्रश्नांना चौकटी कंसात तयार उत्तर असतं, त्यामुळे हाताला एंटर दाबण्याची लय लागते. ‘कोणती डिस्क वापरू?’ या प्रश्नाशी ती लय मोडा. तिथलं तयार उत्तर ‘कोणतीही नको’ असं आहे. ते मान्य केलंत तर सगळा संसार रॅममध्ये थाटला जातो आणि यंत्र बंद होताच उठून जातो. डिस्कचं नाव लिहा, पुढे ‘सिस’ हा प्रकार निवडा. त्यानंतर डिस्क पुसण्याची परवानगी मागितली जाईल. लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर असतील तर ते आत्ता आठवा.

पायरी 3: डेस्कटॉप मागवा

यंत्र पुन्हा सुरू करा, रूट म्हणून आत जा आणि लिहा: ‘सेटअप-डेस्कटॉप एक्सएफसीई’. पडद्यावर पॅकेजांची नावं धावू लागतील. ही मंडळी कोण ते चहा घेता घेता समजून घ्या.

एक्स सर्व्हर पडद्यावर चित्र काढतो. त्याची 11वी आवृत्ती 1987 सालची. तोच आकडा अजून चालू आहे. खिडक्यांना चौकट आणि बंद करायची फुली देणारा वेगळा, खालची-वरची पट्टी सांभाळणारा वेगळा. लाइटडीएम दारात उभा राहून पासवर्ड विचारतो. डी-बस एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवते. पोलकिट कुणाला काय करायची मुभा आहे ते ठरवतो. एक्सएफसीई हे यातल्या खिडक्या आणि पट्ट्यांच्या घराण्याचं नाव. ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी 1996 मध्ये ते सुरू केलं, आणि त्याचं बोधचिन्ह उंदीर आहे.

स्वाभिमानी वाचक ही तयार आज्ञा नाकारून एकेक पॅकेज हाताने बसवतात. त्यांना पडद्यावर सुंदर बाण दिसतो, फक्त तो हलत नाही. माउस आणि कळफलक एक्स सर्व्हरला ओळखून देण्याचं काम यूडेव्हचं. अल्पाइनमध्ये मुळात असतो साधा एमडेव्ह. अशा वाचकांनी स्वाभिमान तसाच ठेवून तयार आज्ञा द्यावी.

पायरी 4: पडदा काळाच राहिला तर

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-2 एकदम दाबा. मजकुराचा पडदा येईल. तिथे एक्स सर्व्हरची नोंदवही उघडा आणि कंसात दोन ‘ई’ असलेल्या ओळी तेवढ्या वाचा. दोन ‘डब्ल्यू’वाल्या ओळी म्हणजे नुसते इशारे, ते निरोगी यंत्रातही निघतात. नोंदवही चुकून व्हीआय संपादकात उघडलीत तर बाहेर पडण्यासाठी एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर.

पायरी 5: मराठी दिसू द्या

डेस्कटॉप आला. ब्राउझर उघडून मराठी वर्तमानपत्र लावलंत आणि बातम्यांच्या जागी चौकोनांच्या रांगा दिसल्या, तर संपादकांना पत्र लिहू नका. देवनागरीचा फॉन्ट तुम्ही मागितला नव्हता, म्हणून तो आला नाही. नोटो देवनागरीचं पॅकेज बसवा. आवाज येत नसेल तर त्यामागेही हेच कारण असण्याची शक्यता मोठी. पाइपवायर आणि त्याचा सोबती वायरप्लंबर यांना बोलवा.

पायरी 6: बाहेरचा प्रोग्राम आणा

एखाद्या कंपनीच्या साइटवरून तयार प्रोग्राम उतरवा आणि चालवा. ‘नॉट फाउंड’ असं उत्तर येईल. फाइल तर यादीत ढळढळीत दिसते आहे! सापडत नाही ती फाइल नव्हे. त्या प्रोग्रामला लागणारी जी-लिबसी सापडत नाही, जी पहिल्या पायरीत आपण कौतुकाने टाळली. उपाय सोपा आहे. फ्लॅटपॅक बसवा. ते जी-लिबसीसकट एक अख्खं बिऱ्हाड सोबत आणतं, आणि ते बिऱ्हाड मूळच्या 130 एमबीच्या घरात मावत नाही.

अभिनंदन. वॉलपेपर, घड्याळ आणि कचऱ्याची टोपली आता पूर्वीसारखीच दिसते आहे. ‘मग यात नवीन काय?’ असं घरच्यांनी विचारलं तर सांगा: पूर्वी काही अडलं की ‘कॉम्प्युटर बिघडला’ म्हणत होतो, आता नेमका कोण बिघडला ते नावानिशी सांगता येतं. दुरुस्त करता येतंच असं नाही.

महिनाभरात कुणी तरी म्हणेल की केडीई प्लाझ्मा याहून देखणं दिसतं. त्यासाठी वेगळी मार्गदर्शिका घेऊ नका. तिसऱ्या पायरीतल्या आज्ञेचा शेवटचा शब्द बदला, आणि डिस्कवर जागा किती उरली ते आधी पाहा.