निळ्या फरशीवरचे हिरवे पीक

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत पाणी साठवण्याच्या परंपरेने ज्ञात असलेल्या जागांत विहीर, बारव, पाझर तलाव, बंधारा आणि अलीकडचे शेततळे यांचा समावेश होतो. या यादीत, पुण्याहून अहिल्यानगरकडे आणि सोलापूरकडे जाणाऱ्या दोन महामार्गांच्या आसऱ्याने, आणखी एका जागेची भर पडली आहे, जिचा उल्लेख मालक ‘पूल’ असा, राखणदार ‘टाकी’ असा आणि शेजारचा ऊसवाला ‘साहेबांचं डबकं’ असा करतो. ही जागा फार्महाऊसच्या मागील अंगणात असते. फार्महाऊस म्हणजे ज्यात शेतही पूर्ण वेळ केले जात नाही आणि घरही पूर्ण वेळ वापरले जात नाही अशी मालमत्ता. तिचा वापर पहिल्या वर्षी दर शनिवार-रविवारी, दुसऱ्या वर्षी दिवाळी आणि मे महिन्यात व त्यानंतर मुख्यतः संभाषणात होतो. पोहण्याच्या या तलावाच्या पाण्याचा रंग या वापराशी व्यस्त प्रमाणात गडद होत जातो, आणि तो इतका नेमाने होतो की मालक शेवटचा कधी येऊन गेला हे जाणून घेण्यासाठी हजेरीपत्रकाची गरज पडू नये.

पाणी हिरवे पडते ते शेवाळामुळे. विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरवणारे शेवाळ आणि तलावाचे पाणी हिरवे करणारे शेवाळ हे एकाच घराण्यातले असले तरी दुसरे डोळ्यांना दिसत नाही. क्लोरेलासारख्या एकपेशीय शेवाळाची पेशी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी असते, आणि अनुकूल परिस्थितीत अशा पेशींची संख्या साधारण दिवसागणिक दुप्पट होते. अनुकूल परिस्थिती म्हणजे ऊन, ऊब, कर्बवायू, नत्र आणि स्फुरद. ही यादी वाचताना कोणत्याही शेतकऱ्याच्या लक्षात येईल की हे एका पिकाचे वेळापत्रक आहे. तलाव उथळ असल्याने ऊन तळापर्यंत पोहोचते, तळाला निळी फरशी असल्याने ते परावर्तित होऊन पुन्हा वर येते, आणि आडोसा म्हणून असलेले एकमेव झाड आर्किटेक्टने आराखड्यातून आधीच काढलेले असते. सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात पेरणी, खुरपणी, पीककर्ज आणि हमीभाव यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता भरघोस येणारे दुसरे पीक नाही.

खताची व्यवस्था पाण्यातूनच झालेली असते. दौंडच्या बऱ्याच भागाला खडकवासल्याच्या नव्या मुठा उजव्या कालव्याचे आणि शिरूरच्या काही भागाला चासकमानच्या कालव्याचे पाणी मिळते. कालव्याला पाळीने पाणी सोडले जाते त्याला आवर्तन म्हणतात, आणि आवर्तन सुटले की आसपासच्या विहिरी व कूपनलिकांना पाणी उतरते. उतरताना ते उसाच्या रानातून उतरते आणि उसाला दिलेल्या युरियातला जो भाग उसाने घेतला नाही तो बरोबर घेऊन येतो. खाली बेसाल्टचा खडक असल्याने पाणी आधीच जड, म्हणजे चुनखडीचे क्षार बाळगणारे असते. हेच पाणी तलावात जाते, उन्हाळ्यात त्याची झपाट्याने वाफ होते, वाफेबरोबर क्षार व नत्र जात नाहीत, आणि पातळी भरून काढण्यासाठी पुन्हा तेच पाणी सोडले जाते. त्यामुळे दोन-तीन उन्हाळ्यांनंतर तलावात जे उरते त्याला पाणी म्हणण्यापेक्षा पातळ खत म्हणणे शास्त्राला अधिक धरून होईल. याच प्रक्रियेचे मोठे रूप पाहायचे असल्यास लांब जाण्याची गरज नाही. पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते, भीमा दौंडवरून पुढे १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात जाते, आणि त्या धरणाच्या फुगवट्याचे पाणी उन्हाळ्यात ज्या रंगाचे होते तो रंग फार्महाऊसच्या मालकाला तत्काळ ओळखता येतो. एका अर्थाने पुणेकराने शहरात सोडलेले पाणी आणि गावात साठवलेले पाणी अखेर एकाच रंगाचे होते, आणि या बाबतीत निसर्गाने शहर व ग्रामीण असा भेद केलेला नाही.

येथे विहिरीचा दाखला उपयुक्त ठरतो. या भागातील मुले पिढ्यान्‌पिढ्या पाठीला भोपळा, पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधून विहिरीत पोहायला शिकली, मुटका मारून काठावरच्या वडीलधाऱ्यांना भिजवत आली, आणि त्यासाठी कोणी पाण्याचा सामू, म्हणजे आम्लतेचे किंवा अल्कतेचे माप, मोजल्याचे ऐकिवात नाही. विहिरीला शेवाळ धरत नाही असे नाही; ते कडेच्या दगडांना धरते. परंतु विहीर खोल आणि तोंडाने लहान असल्याने पाण्यावर ऊन जेमतेम दुपारी पडते, आणि मुख्य म्हणजे मोटेने असो वा मोटारीने, पाणी रोज उपसले जाते व रोज नवे झरते, त्यामुळे शेवाळाला एका जागी स्थिरावून संसार वाढवण्याइतकी सवड मिळत नाही. कुकडी नदीच्या पात्रात शिरूरकडील टाकळी हाजी आणि पलीकडील पारनेर तालुक्यातले निघोज यांच्या दरम्यान जे रांजणखळगे आहेत, म्हणजे पुराच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ कोरून तयार केलेले रांजणाच्या आकाराचे खड्डे, त्यांतही पावसाळ्यानंतर साचून राहिलेले पाणी हिरवे पडते. मात्र पुढच्या वर्षी नदीला पाणी आले की तेच दगडगोटे पुन्हा फिरतात आणि खड्डा आतून घासून निघतो. फार्महाऊसच्या तलावाला सावली, उपसा किंवा पूर यांतले काहीच लाभलेले नाही. त्याला लाभतो तो दूरध्वनी.

दूरध्वनीवरून तलाव स्वच्छ करण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित असल्याने तिचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे. मालक पुण्याहून ‘पाणी जरा क्लीन करून ठेवा, शनिवारी पाहुणे आहेत’ असे सांगतो आणि राखणदार ‘व्हय साहेब’ म्हणतो, व या दोन वाक्यांच्या आदानप्रदानाने काम झाले अशी उभयपक्षी समजूत होते. या पद्धतीच्या मर्यादेची नोंद फार पूर्वी झालेली आहे. गढूळ पाण्यात उगाळून टाकल्यास गाळ खाली बसवणाऱ्या निवळीच्या बियांचा, संस्कृतातील कतकाचा, दाखला मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात येतो, आणि तो नेमका एवढ्याचसाठी येतो की निवळीचे नुसते नाव घेऊन पाणी निवळत नाही. स्मृतिकारांपुढे संन्याशाचा आचार होता, शनिवारचे पाहुणे नव्हते. तरीही निरीक्षण जसेच्या तसे लागू पडते.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम पुढीलप्रमाणे आहे, आणि तो शेजारच्या ऊसवाल्याला मालकापेक्षा अधिक ठाऊक असतो, कारण ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की आम्ल आणि शेवाळ धरले की क्लोरीन सोडणे हा त्याच्या शेतीचा नित्यक्रम आहे. सर्वप्रथम जाळीने पाने, बेडूक आणि मागच्या दिवाळीत हरवलेला चेंडू बाहेर काढावा लागतो, कारण क्लोरीन कुजणाऱ्या पानांवर खर्च झाला तर शेवाळासाठी उरत नाही. त्यानंतर भिंती व तळ ताठ कुंचल्याने घासावे लागतात. हे काम अर्धा दिवस घेते आणि झाल्यावर पाणी आधीपेक्षा अधिक हिरवे दिसते, ज्यामुळे नवखा माणूस येथेच काम सोडून देतो. मग सामू पाहावा लागतो. शेवाळ दिवसभर पाण्यातला कर्बवायू खाऊन सामू वाढवत नेते, आणि क्लोरीनचा मारक अंश साडेसात सामूला निम्मा तर साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा उरतो, म्हणजे शेवाळाने स्वतःच्या बचावाची तजवीज स्वतःच करून ठेवलेली असते.

यानंतर येते ती ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीच्या भाषेत टीसीएल म्हणतात. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल अशा तलावात ४० हजार लिटर पाणी मावते, आणि हिरव्या पाण्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा तर ४०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ताज्या पावडरीचे सव्वा किलो पुरते. ताज्या हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पावडरीत सुमारे एक-तृतीयांश क्लोरीन असतो तो पोते उघडल्यापासून उडून जायला लागतो, आणि गोठ्याच्या कोपऱ्यात दोन पावसाळे काढलेल्या पोत्यात अखेर चुनाच शिल्लक राहतो. त्यामुळे काही तलाव शास्त्रोक्त पद्धतीने, वेळेवर आणि योग्य मात्रेत चुन्याने रंगवले गेले आहेत. पावडर बादलीत भिजवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळच तलावात ओतावी आणि तीही सूर्यास्तानंतर, कारण ऊन क्लोरीनचे काही तासांत वाटोळे करते. आम्ल आणि पावडर एकाच बादलीत घालू नये; त्यातून निघणारा विषारी वायू शेवाळापर्यंत पोहोचण्यापूर्वी बादली धरणाऱ्यापर्यंत पोहोचतो, आणि या एका बाबतीत विनोदाला जागा नाही.

सकाळी पाणी हिरव्याचे पांढुरके होते. शेवाळ मेलेले असते, पण गेलेले नसते, कारण वाळूच्या गाळणीत वीस-तीस मायक्रॉनपेक्षा बारीक कण फारसे अडत नाहीत आणि मेलेल्या पेशी तिच्यातून आरामात ये-जा करतात. येथे तुरटी उपयोगी पडते. तिने कण एकमेकांना चिकटून जड होतात व रात्रभरात तळाशी बसतात. मग हा गाळ पाणी न ढवळता नळीने ओढून थेट बाहेर सोडावा लागतो, त्यात काही हजार लिटर पाणी जाते, ते नारळांना मिळते, आणि तलाव पुन्हा भरायला कूपनलिकेची मोटार चालू करावी लागते. ती थ्री फेजवर चालते. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासच आणि पाळीप्रमाणे कधी दिवसा तर कधी रात्री मिळते, आणि शिरूर हा जुन्नर-आंबेगावसारखाच उसातल्या बिबट्यांचा तालुका असल्याने रात्रीच्या पाळीत बटण दाबायला कोणी जावे, या प्रश्नावर तलावाची स्वच्छता अनेकदा आठवडाभर अडते. बिबट्याला पाण्याच्या रंगाविषयी काही म्हणणे नसते.

‘एवढं कशाला, सगळं पाणी सोडून द्या अन्‌ टँकर मागवा’ हा उपाय पाहुण्यांपैकी कोणीतरी सुचवतोच. टंचाईच्या काळात टँकरने माणशी दिवसाला २० लिटर पाणी देण्याचा सरकारी निकष आहे. त्या हिशेबाने तलावातले पाणी दोन हजार माणसांचे एका दिवसाचे होते, आणि मे महिन्यात दहा हजार लिटरचे चार टँकर एकामागून एक फाटकातून आत जाताना पाहणाऱ्या गावाची मुद्रा अभ्यसनीय असते. शिवाय रिकामा तलाव निरुपद्रवी नसतो. पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्याची पातळी वर आली की आत वजन नसलेली टाकी खालून रेटली जाऊन जागची उचलली जाऊ शकते, आणि काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते, तेव्हा भिंतींना तडे जाण्याची सोय वर्षातून दोनदा होते. तलाव पोहण्यासाठी बांधलेला असला तरी तो स्वतः तरंगावा अशी अपेक्षा कोणी केलेली नसते.

सर्वाधिक गुंतागुंत आरोग्यसेवकामुळे निर्माण होते. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या पाहून तो आपल्या कर्तव्यानुसार त्यात गप्पी मासे सोडतो, जे अळ्या खातात. चार दिवसांनी राखणदार आपल्या कर्तव्यानुसार त्यात क्लोरीन सोडतो, जो गप्पी मासे खातो. मोरचूदाची, म्हणजे तांब्याच्या क्षाराची, गत याहून वेगळी नाही: लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमनेही शेवाळ हटते, परंतु जड पाण्यात तांब्याचा बराच भाग साका होऊन तळाशी बसतो, फरशीला हिरवट डाग पडतात, आणि मालकाला आधीचा हिरवा रंग निदान हलता होता असे वाटू लागते.

या सर्व खटाटोपाला कंटाळून अनेक तलाव तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेततळ्याच्या मार्गाने जातात. राज्य शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली तेव्हा कमाल ५० हजार रुपये अनुदान ठेवले होते. फार्महाऊसच्या मालकाने न मागता, विनाअनुदान आणि त्याच्या कित्येक पट खर्चून शेततळे मिळवलेले असते, फरक इतकाच की त्याच्या तळ्याला प्लास्टिकच्या कागदाऐवजी इटालियन नमुन्याची फरशी असते. राखणदार त्यात रोहू, कटला आणि शेवाळ खाणारा चंदेरा यांचे बोटुकले, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडतो, रोज सकाळी त्यातून वांग्याला पाणी देतो, आणि रोज उपसा सुरू झाल्यामुळे पाण्याचा रंग आपोआप फिका पडू लागतो. शनिवारी आलेले पाहुणे पोहण्याचे कपडे पिशवीतच ठेवून गळ टाकून बसतात. गाळणीची मोटार तेवढी शेजारच्या ऊसवाल्याकडे ठिबकला गेलेली असते, आणि तो ‘चार दिसांत आणून देतो’ असे प्रत्येक आवर्तनाला सांगतो.