थांबा आहे ना, मग झाले!

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे ठरवली, त्यांची 169 लक्ष्ये पाडली आणि वर दोनशेहून अधिक निर्देशक बसवले. अकरावे उद्दिष्ट शहरांचे. त्यातला सार्वजनिक वाहतुकीचा निर्देशक माझा विशेष लाडका. घरापासून चालत 500 मीटरवर बसथांबा किंवा एक किलोमीटरवर रेल्वे स्थानक असले, की त्या माणसाची सोय झाली. बस किती वेळाने येते, आली तर थांबते का, आत पाय ठेवायला जागा असते का, असल्या क्षुद्र चौकशा मुख्य आकड्यात बसत नाहीत. सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या फलाटावर दोन लोकल सोडून तिसरीच्या दांड्याला लोंबकळणारा इसम या हिशेबाने सुखी आहे. स्थानकाला खेटून राहत असेल, तर अंमळ जास्तच.

याच उद्दिष्टांवरून आपल्या नीती आयोगानेही 2021 मध्ये 56 शहरांची गुणपत्रिका काढली. पहिले आले सिमला, गुण 75.50. त्याच्या तीनच वर्षे आधीच्या उन्हाळ्यात तिथले नळ असे आटले होते, की पर्यटकांनी येऊच नये म्हणून गावकरी विनवत होते. त्यानंतर सुधारणा झालीही असेल. नाही कशाला म्हणा?

अशा हिशेबांतल्या दरडोई आकड्यांची मजा निराळीच. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे डोकी 2011 च्या मोजणीवरून अंदाजाने ताणायची. दशांशचिन्हापुढची अचूकता मात्र शाबूत.