तबकडीकाका

सोलापुरात मे महिन्यात पारा ४४ कडे सरकला की लोक माठ आणि कूलर पुसून काढतात. तबकडीकाका रेकॉर्डी मोजतात. उन्हात राहिलेली एलपी पापडासारखी वळते, म्हणून घरातला एकुलता कूलर त्यांच्या कपाटाच्या खोलीत. काकू गच्चीवर झोपतात.

असा एक काका प्रत्येक पेठेत असतोच. आमचा पूर्व भागातला, बँकेतून निवृत्त. शेजारी यंत्रमाग. मागाची धडधड फरशीतून सुईपर्यंत पोचते, म्हणून प्लेयरखाली शहाबादी, तिच्याखाली चार घड्यांची सोलापुरी चादर. पाहुण्याला अंगावर घ्यायला मात्र चादर मिळत नाही.

गायक मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायला बोलावतात आणि आधी पाणसळ लावतात. मग सराफी काट्यावर सुईचा दाब मोजतात. "बे, जुना सिरॅमिक कार्ट्रिजवाला चार-पाच ग्रॅमनं खाचा नांगरतो की! हा मॅग्नेटिक, पावणेदोन!" सुई उडते म्हणून कोणी आर्मवर दहा पैशांचं नाणं ठेवलेलं पाहिलं, तर काका त्या घरी पुन्हा चहा घेत नाहीत. एवढ्यात चहा होतो, निवतो, मन्सूर अजून पाकिटातच.

गंमत म्हणजे माणूस खोटं बोलत नाही. रेकॉर्डचा मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांचा वेग कायम, पण आतल्या खाचांचा घेर लहान. तिथे सुईखालून कमी लांबी सरकते आणि बारीक स्वर दाटीवाटीनं बसतात. आपला ख्याल विलंबितानं सुरू होऊन द्रुतात संपतो. म्हणजे तानांचा पाऊस पडतो नेमका सगळ्यात वाईट जागी! गोल टोकाची, तिरकी बसलेली सुई तिथे किरकिरते. लंबगोल टोकाची, नीट बसवलेली सुई तीच तान सोडवून दाखवते. हे एकदा कानानं ऐकलं की काकांना हसणं जड जातं.

फक्त वेग चुकला की ते 'वीज मंडळाचं व्होल्टेज' म्हणतात, तेवढं सोडा. त्यांची सिंक्रोनस मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते; ढिला झालाय तो पट्टा. पण हे सांगणार कोण?

तुमच्याकडे आजोबांचा प्लेयर असेल, तर स्पीकर नंतर घ्या, आधी सुई बदला. हिऱ्याचं टोकसुद्धा पाचशे ते हजार तासांत झिजतं. आणि काकांना कळवू नका. पाणसळ घेऊन येतील.