वाघ नको, आधी मरळ दाखवा

नागपूरची महाराजबाग कोण चालवतं? अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. आणि अकोल्याच्या लेकराला पिंजऱ्यातला वाघ पाहायचा असेल तर त्याने अडीचशे किलोमीटर गाडीत बसून नागपूर गाठायचं. अमरावतीकरांना दीडशे पडतात. वाटेत ओकत, झोपत, भांडत पोट्टे पोचतात तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि वाघ झोपलेला असतो. तो झोपणारच. रात्री-पहाटे हिंडणारं जनावर आहे ते. मग मोठी माणसं जाळी वाजवतात, शिट्ट्या मारतात, कोणीतरी फुटाणे फेकतो. ‘उठव ना बे त्याले!’

हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरण आलं. जनावराला डिवचायचं नाही, खाऊ घालायचं नाही, गोंगाट करून त्रास द्यायचा नाही, कचरा टाकायचा नाही, हे सगळं त्यात स्पष्ट आहे. पण पहारेकऱ्याने हटकलं की आपण त्याच्याच अंगावर जातो, तेही लेकरांसमोर. लेकरू त्या दिवशी वाघाबद्दल काही शिकत नाही, आपल्याबद्दल मात्र बरंच शिकतं.

महाराजबाग १८९४ ची. जुनी, आटोपशीर, झाडांची. चार वर्षांच्या मुलाचे पाय दुखायच्या आत ती फिरून होते, म्हणून मला ती आवडते. पण आटोपशीर जागेत मोठं जनावर ठेवलं की हाल होतात. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने तिची मान्यताच रद्द केली होती. पुढे अपील झालं, बाग सुरू राहिली. २०२१ मध्ये नागपुरातच गोरेवाडा प्राणिसंग्रहालय उघडलं. तिथे वाघाला ऐसपैस रान आहे, माणसं बसमध्ये कोंडलेली. हेच योग्य आहे. वाघ-बिबटे तिथेच राहोत.

मग अकोला-अमरावतीने काय करावं? कोणी ‘आमच्याही शहरात वाघ आणा’ म्हणाला तर त्याला पहिल्याच सभेत गप्प करा. १९७३ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतलं मेळघाट आपल्याच उशाशी आहे. पोहरा-मालखेडचे बिबटे अमरावतीच्या वेशीपर्यंत येतात. आपल्याला वाघाचा पिंजरा नको, एक साधं मत्स्यालय हवं. त्यात आपल्याच पाण्यातले मासे.

अकोला काटेपूर्णेचं पाणी पितं, अमरावती अप्पर वर्ध्याचं. नळाला येणाऱ्या त्या पाण्यात कोण राहतं हे किती मुलांना ठाऊक आहे? मैदानात तंबू ठोकून मत्स्य-बोगदे लागतात, तिथे तिकीट काढून ती रंगीत विलायती मासे पाहून येतात. समुद्रातला नारिंगी-पांढरा मासा ती नावानिशी ओळखतात. मरळ ओळखत नाहीत.

मरळ एकदा बाजारात नीट पाहा. मासे विकणारी बाई तिला घमेल्यात वीतभर पाण्यात जिवंत ठेवते. सापासारखं चपटं डोकं, अंगावर काळपट पट्टे. बराच वेळ हलत नाही. मग हळूच वर येते, तोंड पाण्याबाहेर काढते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, वरची हवा तिला लागतेच. म्हणून तर उन्हाळ्यात आटलेल्या, गढूळ डबक्यातही ती तग धरते. पिल्लं झाली की राखण करते, जवळ येईल त्याच्यावर धावून जाते. माझा भाचा त्या घमेल्यापाशी असा बसला की त्याला उचलूनच आणावं लागलं. ‘मामा, ते पाण्यात बुडते काय?’ असं त्याने विचारलं. वर येऊच दिलं नाही तर खरंच बुडते. पाच वर्षांचं पोर थेट जीवशास्त्राच्या गाभ्याशी पोचलं होतं.

महापालिकांनो, एवढंच करा. एखाद्या उद्यानातली बंद पडलेली खोली घ्या. पाच-सहा मोठ्या टाक्या बसवा: मरळ, वाम, रोहू, कटला, झिंगे. काच मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असू द्या, आणि त्यावर बोटं आपटू देऊ नका. माशाच्या अंगावरच्या रेषेला पाण्यातली कंपनं जाणवतात, प्रत्येक टकटक त्याला भोगावी लागते. माशांच्या तब्येतीसाठी अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, तिला विचारा. वीज गेली तर हवेचा पंप चालायला हवा, त्यासाठी बॅटरी आधी घ्या, उद्घाटनाची कोनशिला नंतर. आणि टाकीशेजारी धरणावर जाळं टाकणारा एखादा भोई नीट पगारावर नेमा. लेकरांच्या प्रश्नांना पाटीपेक्षा तोच चांगली उत्तरं देईल. आठवड्यातला एक दिवस टाक्या धुवायला राखा, बाकीचे दिवस अंगणवाड्यांना फुकट सोडा.