साळबाई ते वसई

साळबाई हे कोणा बाईचे नाव नसून ग्वाल्हेरजवळच्या एका गावाचे नाव आहे, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या मास्तरांनी छडीच्या साह्याने मला पटवून दिली होती. तरीही १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने इंग्रज आणि मराठे यांच्यात जो तह झाला, तो एखाद्या सोशीक, चतुर आणि वेळप्रसंगी पदर खोचून उभ्या राहणाऱ्या बाईनेच घडवून आणला असावा, असा जो माझा बालपणीचा समज होता, तो गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केल्यानंतर पुन्हा बळावला. कारण आमच्या खोलीला लागूनच, केवळ एका फळ्यांच्या आडभिंतीपलीकडे, अशी एक बाई राहत होती आणि ती दररोज सकाळी असा एक तह करीत होती.

चाळीत लहानथोर सगळे तिला वहिनी म्हणत. हट्टी मुलाची आई ही एक स्वतंत्र जात आहे, असे माझे मत आहे. वहिनींचा अंबाडा नेहमी डाव्या कानाकडे कलंडलेला असे, खांद्यावर वाळलेल्या दुधाचा एक डाग असे, आणि आपल्याशी बोलताना त्यांचे तोंड आपल्याकडे असले तरी कान आतल्या खोलीकडे लागलेले असत. आत आरडाओरडा चालू असेतोवर त्या निर्धास्त असत. आतला आवाज थांबला की वाक्य अर्धे टाकून धावत.

घरात अपत्ये दोन : चिरंजीव चार वर्षांचे आणि धाकटी अडीचाची. अंगापिंडाने दोघेही बेताचीच. परंतु परमेश्वराने इच्छाशक्ती वाटताना या बिऱ्हाडाचे नाव यादीत दोनदा घातले असावे. धाकटीची अवघी राज्यघटना ‘माझं मी’ या दोन शब्दांत सामावलेली होती. परकराची नाडी ती स्वतः बांधणार, आणि निरगाठ बसून ती कात्रीवाचून सुटेनाशी झाली की त्याबद्दलची फिर्याद मात्र आईवर गुदरणार. चिरंजीवांचे धोरण याहून प्रगल्भ होते. त्यांची हरकत वस्तूला नसे, क्रमाला असे. दाराची कडी त्यांनीच काढली पाहिजे, बंबात पहिली ढलपी त्यांच्याच हातची पडली पाहिजे. आणि अनवधानाने ते कृत्य दुसऱ्याच्या हातून घडलेच, तर झालेली गोष्ट न झालेली करून सर्व प्रकरण मूळपदावर आणल्याखेरीज ते आपला दावा मागे घेत नसत.

जिन्याच्या बाबतीत हा कायदा विशेष कडक होता. प्रत्येक पायरीवर पहिला पाय चिरंजीवांचा! एकदा एका हातात भाजीची पिशवी, कडेवर धाकटी आणि बगलेत ओली छत्री अशा थाटात वहिनी वर पोचल्या, तोच अखेरच्या पायरीवर त्यांचा पाय आधी पडल्याचे चिरंजीवांच्या ध्यानात आले. आणि मी दारात उभा राहून पाहत असता ती सारी वरात, भाजी-छत्रीसकट, पुन्हा तळमजल्यावर गेली आणि शास्त्रोक्त क्रमाने वर आली.

“वहिनी, एवढं ऐकून कसं चालेल?” मी म्हणालो. “एकदा ठाम राहिलं की पोरं आपोआप वठणीवर येतात.”

वहिनींनी पिशवी खाली ठेवली, दम घेतला आणि म्हणाल्या, “खरं आहे हो, भाऊजी.”

मी त्या वेळी अविवाहित होतो आणि बालसंगोपनाविषयीची माझी मते पक्की होती.

पोळीचा खटला तर साऱ्या चाळीला तोंडपाठ होता. वहिनींनी सवयीने पोळीचे चार तुकडे करून ताटलीत ठेवले. चिरंजीवांना ती अखंड हवी होती. “जोडून दे.” मोडलेली पोळी जोडता येत नाही हे सांगून झाले, दुसरी पोळी लाटून, भाजून, तूप लावून पुढे ठेवून झाले. “ही नको. तीच जोडून दे.” दिवाणी म्हणा, फौजदारी म्हणा, कोणत्याही कायद्यात या मागणीवर इलाज सांगितलेला नाही. आडभिंतीपलीकडे मी कान देऊन बसलो होतो; मला धपाट्याच्या आवाजाची खात्री होती. परंतु वहिनींनी ते चारही तुकडे ताटलीत एकमेकांना टेकवून गोल मांडले, मधल्या भेगांवर गुळाचा चुरा भुरभुरवला आणि बजावले, “आता हात लावायचा नाही हं. वाळायचीय अजून.” चिरंजीव त्या पोळीवर पहारा देत बसले, आणि तेवढ्या अवधीत वहिनींनी भाताचे आधण चढवले, धाकटीची वेणी घातली आणि सकाळपासून तीनदा तहकूब झालेला आपला चहा एकदाचा प्यायला. पुणे दरबारातल्या कोणत्या वकिलाने एवढ्या अल्प गुळावर एवढा अवकाश मिळवला असेल, याची मला शंका आहे.

वहिनी अडाणी नव्हत्या. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढला आणि १९३९ साली प्रत्यक्ष मॉन्टेसरीबाई मद्रासेस आल्या, तेव्हापासून मूल ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे, तिला मारू नये, भिववू नये, आमिष दाखवू नये, हा विचार आमच्या मध्यमवर्गातही झिरपू लागला होता. वहिनींनी तो मनापासून वाचला होता आणि मनापासून मानलाही होता. अडचण एवढीच, की मूल ही स्वतंत्र व्यक्ती आहे, हे चिरंजीवांना आधीपासूनच ठाऊक होते. मुलास हुकूम न सोडता निवड करू द्यावी, या तत्त्वास अनुसरून त्या विचारीत, “राजा, पांढरा सदरा घालतोस की निळा?” राजे उत्तर देत, “पिवळा.” पिवळा सदरा घरात नव्हता, हे सांगणे नलगे.

सासूबाईंची भिस्त या नव्या शास्त्रापेक्षा बागुलबुवावर अधिक होती. “आम्ही सहा पोरं वाढवली, एकाचा आवाज ऐकला नाही कुणी,” असे म्हणून त्यांनी एके रात्री त्या बुवाला पाचारण केले. चिरंजीवांनी भिण्याऐवजी चौकशी आरंभली : तो राहतो कुठे, त्याला आई आहे का, आणि तो जेवला का. तो जेवलेला नसावा, असा निष्कर्ष निघाल्यामुळे त्याच्यासाठी निराळा पाट मांडणे ओघानेच आले. पुढे पंधरा दिवस वहिनी बागुलबुवाचे ताट वाढत होत्या. “त्यालापण पडवळ आवडत नाही,” असे चिरंजीव त्याच्या वतीने कळवीत. सासूबाईंचा एकुलता एक सरदार असा शत्रूस जाऊन मिळाला.

रोजचा तह मोठा बाणेदार असे. दूध सायीसकट संपवावे, धाकटीस चिमटा काढू नये, दुपारी दोन घटका पडून राहावे. मोबदल्यात वहिनींनी गोष्ट सांगावी आणि न्हाणीत कागदाची होडी सोडू द्यावी. मात्र कलमांचा अर्थ लावण्याचा अखत्यार चिरंजीवांकडे होता. चिमटा म्हणजे दोन बोटांनी काढलेला. तीन बोटांचा चिमटा तहाच्या कक्षेत येत नाही. दोन घटका पडून राहावे हे खरे; पण डोळे मिटावेत असे कुठे ठरले होते? सकाळी साळबाईपासून निघालेला कारभार याप्रमाणे एकेक ठाणे गमावत दिवेलागणीस वसईला येऊन पोचे. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने वसईस जो तह केला, त्यान्वये तैनाती फौज पदरी घ्यावी लागली, म्हणजे खर्च आपला आणि हुकूम दुसऱ्याचा. वहिनींची तैनाती फौज साडेसहाच्या सुमारास कचेरीतून परत येई, कोट खुंटीला अडकवी, “दिवसभर बिचाऱ्याला रागावतेस कशाला?” असे म्हणे, आणि खिशातून एक पेढा काढून सकाळपासूनचा सर्व कायदा एका क्षणात रद्दबातल करी.

एका रविवारी वहिनींना ताप भरला. फौज धाकटीला घेऊन डॉक्टरांकडे औषध आणायला गेलेली. तेव्हा चिरंजीवांना चौपाटीवर नेण्याची कामगिरी मी आपण होऊन पत्करली, आणि निघताना शिस्तीविषयी दोन शब्दही बोललो. चौपाटीवर सर्व यथास्थित पार पडले. परत येताना मात्र, कशावरून तरी बोलण्याच्या भरात, तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर माझा पाय आधी पडला.

चिरंजीव रडले नाहीत. ते पायरीवर बसले. मी ठाम राहिलो. शेजारच्या खोलीतल्या आजी देवळातून आल्या, त्यांना ओलांडून गेल्या. वाण्याचा पोऱ्या तेलाची बाटली घेऊन आला, ओलांडून गेला. जिन्यातला दिवा लागला. मी आणखी थोडा वेळ ठाम राहिलो. त्यानंतर काय घडले हे मी कोणाला सांगितले नसते, परंतु घरात पाऊल टाकताच चिरंजीवांनी साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात जबानी दिली, “आई, काका खाली जाऊन परत वर आले! आणि मला कुल्फी दिली, आणि तुला सांगू नको म्हणाले!”

वहिनी अंथरुणावर उठून बसल्या. ताप उतरला असावा. चेहरा बराच टवटवीत दिसत होता.

“ठाम राहिलात ना, भाऊजी?” त्यांनी विचारले.

आमच्या चाळीच्या जिन्याला एकंदर चौपन्न पायऱ्या आहेत. आकडा बिनचूक आहे. मी त्या दोनदा मोजल्या आहेत.